सप्टेंबरात पक्षी असतात कुठे? परतीच्या पावसातल्या स्थलांतराविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भिगवणला गेलो, नावाड्याने ‘आत्ता काही नाही, डिसेंबरात या’ म्हणून परत पाठवले. पण ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पुणे जिल्ह्यातून रोज स्थलांतरित पक्ष्यांच्या नोंदी पडत होत्या. मग हे पक्षी नेमके कुठे असतात, कधी आणि कसे बघायचे, आणि नुकता आलेला पक्षी ओळखायचा कसा?

नावाडी त्याच्या जागी बरोबर होता. त्याला विचारणारे बहुतेक लोक रोहितासाठी (फ्लेमिंगोसाठी) येतात, आणि रोहित भिगवणजवळच्या उजनी धरणावर पाणी ओसरू लागल्यावरच उतरतो. सप्टेंबरात उजनी बहुधा काठोकाठ भरलेली असते. कुंभारगाव, डिकसळ या बाजूला जानेवारीनंतर जो मैलभर चिखल उघडा पडतो, तो या दिवसांत कित्येक फूट पाण्याखाली असतो. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने भरलेले धरण म्हणजे निव्वळ अडथळा. लिटल स्टिंटसारख्या चिमुकल्या पक्ष्याला दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा खोल पाणी चालत नाही. तुतवारांना (सँडपायपर) त्याहून थोडे जास्त चालते, लांब पायांचा शेकाट्या तेवढा वीतभर पाण्यातही आरामात चरतो. म्हणून सप्टेंबरात प्रसिद्ध पाणथळीचे नाव बघून निघू नका, पाण्याची खोली बघून निघा. जानेवारीत जिथे पक्षी मिळाले तिथेच सप्टेंबरात जाणे ही सवय नवख्यांइतकीच दहा-दहा वर्षे दुर्बीण गळ्यात घालणाऱ्यांनाही असते.

याला अपवाद दुष्काळी वर्षाचा. ज्या वर्षी उजनी किंवा जायकवाडी अर्धीच भरते, त्या वर्षी सप्टेंबरातही काठाला चिखल राहतो आणि तिथे चिखल्या (प्लोव्हर), तुतवार भरपूर उतरतात. तेव्हा निघण्याआधी धरणाचा पाणीसाठा बघा. जलसंपदा विभागाचे आकडे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत येतात. साठा शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर पेट्रोल वाचवा.

मग चिखल असतो कुठे? पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाझर तलाव सहसा पूर्ण भरत नाहीत. त्यांची उथळ बाजू, म्हणजे बांधाच्या समोरची, जिथून ओढा आत येतो ती, आधी बघा. पाणी साचलेली पडीक रानं, मुरमाच्या खाणीतली डबकी, वीटभट्टीसाठी माती काढलेले खड्डे. शहराचे सांडपाणी नदीत मिसळते तिथून खालचा भाग: पुण्याखाली मुळा-मुठेवर कवडीपाटला बंधाऱ्याखालचे खडक उघडे असतील तर तिथे सकाळी तासभर काढण्यासारखा असतो. वरच्या धरणांतून विसर्ग चालू असेल तर मात्र तिथेही काही नाही, आणि त्या दिवशी पात्रात उतरायचेही नाही. मावळ-मुळशीच्या भातखाचरांत सप्टेंबरापर्यंत भात दाट होतो, त्यामुळे पक्षी बांधावर किंवा न लावलेल्या एखाद्या खाचरात सापडतो. पाणलावे (स्नाइप) तर अगदी पायाशी येईपर्यंत उडत नाहीत. गोव्याच्या खाडीकाठच्या खाजन शेतीलाही हेच लागू आहे. नाशिककडे नांदूर मधमेश्वर हा रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळालेला महाराष्ट्रातला पहिला पाणथळ प्रदेश. तिथे गाळाने उथळ झालेला भाग मोठा असल्यामुळे सप्टेंबरातही पूर्ण निराशा सहसा होत नाही.

कोण कधी येतो

लोक ‘हिवाळी पाहुणे’ म्हणतात आणि मग हिवाळ्याची वाट बघत बसतात. प्रत्यक्षात पहिले पक्षी ऐन पावसात येतात. ग्रीन सँडपायपर, वूड सँडपायपर आणि कॉमन सँडपायपर हे तीन तुतवार जुलैच्या शेवटापासून दिसू लागतात, ऑगस्टमध्ये सर्रास. भोरड्याही (गुलाबी मैना) लवकरच्या. ऑगस्टात पहिले थवे येतात आणि पुढे ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात त्यांची संख्या वाढत जाते. गणपतीच्या आगेमागे घाटातल्या ओढ्यांवर करडा धोबी हजर होतो, आणि तारांवर माळभिंगऱ्यांच्या जोडीला उत्तरेकडून आलेल्या बार्न स्वॅलो बसू लागतात. बदकांमध्ये सगळ्यात घाई भुवई बदकाची. तलवार बदक, थापट्या वगैरे मंडळी ऑक्टोबरात येतात, चक्रवाकही त्याच सुमारास. पट्टकदंब हंस त्याहून उशिरा. दलदल हारिण सप्टेंबरच्या मध्यापासून, माळरानावरचे बाकीचे भोवत्ये (हॅरियर) महिनाअखेरीपासून पुढे. गप्पीदास, ब्लाइथ्स रीड वॉर्बलर, ग्रीनिश वॉर्बलर सप्टेंबरात. नीळकंठी आणि थिरथिरा बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरात.

या तारखा दगडावरची रेघ नाहीत. घाटमाथा, किनारा, मराठवाडा, विदर्भ यांत आठ-दहा दिवसांचा फरक सहज पडतो.

पितृपक्ष ते नवरात्र हा काळ मात्र आमच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत अनिश्चित आणि म्हणूनच सर्वांत मोलाचा. कारण याच काळात नुसते वाटसरू असलेले पक्षी जातात: जे इथे हिवाळा काढत नाहीत, दोन-चार दिवस खातात-पितात आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे निघून जातात. त्यांच्याविषयी खाली सविस्तर लिहितो. महाराष्ट्रात पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर असा साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ठरलेल्या या तारखा योग्यच आहेत, पण सप्टेंबरच्या वाटसरूंसाठी तोवर फार उशीर झालेला असतो. शाळा-कॉलेजांच्या निसर्ग मंडळांनी पहिली फेरी गणपती विसर्जनानंतर लगेच काढावी.

आधी मोठे, मग पिल्ले

चिखलपक्ष्यांच्या बाबतीत एक गोष्ट कळली की अर्धे कोडे सुटते. प्रौढ पक्षी आधी येतात, त्या वर्षी जन्मलेली पिल्ले नंतर. आई-बापांनी वाट दाखवायची असा प्रकार बहुतेक जातींत नाहीच. उपजत दिशाज्ञानावर पिल्ले स्वतंत्र येतात.

ऑगस्टात आलेल्या प्रौढ पक्ष्याच्या अंगावर विणीचा रंग अजून शिल्लक असतो, पण पिसे झिजलेली असतात. किनाऱ्यावरच्या सँड प्लोव्हरच्या छातीवर विटकरी पट्टा फिकट झालेला दिसेल, कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर तांबड्या रंगाचे तुकडे, सोनचिखल्याच्या पोटावर काळ्या रंगाचे डाग. पुस्तकातल्या विणीच्या चित्राशी तो जुळत नाही आणि हिवाळ्याच्या चित्राशीही नाही. गोंधळ तिथेच होतो. सप्टेंबरात येणारे पिल्लू याच्या उलट असते: सगळी पिसे एकदम नवी, प्रत्येक पिसाला फिकट कड, त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते. लिटल स्टिंटच्या पिल्लाच्या पाठीवर तर पांढऱ्या रेषांचा इंग्रजी व्हीसारखा आकार स्पष्ट दिसतो. नोव्हेंबरपर्यंत दोघेही करड्या हिवाळी पिसाऱ्यात जातात आणि हा फरक बघायची संधी जाते. म्हणून वहीत नुसते ‘लिटल स्टिंट १२’ लिहू नका. ‘प्रौढ ३, पिल्ले ९’ असे लिहिता आले तर त्या नोंदीची किंमत कितीतरी वाढते.

तीन तुतवारांचा घोळ एकदाचा मिटवून टाकू. उडताना बघा. ग्रीन सँडपायपर उठला की पंख खालून जवळजवळ काळे आणि कंबर झगझगीत पांढरी दिसते, ओरडतही जोरात जातो. एकटा असतो, अगदी लहान डबक्यावरही. वूड सँडपायपरचे पंख खालून फिकट, पाय पिवळसर, पाठीवर ठिपके ठळक आणि भुवई डोळ्याच्या मागपर्यंत जाते. हा बहुधा घोळक्याने. कॉमन सँडपायपरची कंबर पांढरी नसते, पंखावर पांढरी पट्टी असते, खांद्यापुढे पांढरा रंग वर चढलेला दिसतो आणि तो पाण्यालगत पंख थरथरवत, मधेच ताठ धरत उडतो. बसला की शेपटी सतत खाली-वर. टेमिंक्स स्टिंट आणि लिटल स्टिंट यांच्यात पायांचा रंग बघा: पहिल्याचे पिवळट, दुसऱ्याचे काळे. पण ओला चिखल लागला की सगळ्यांचेच पाय काळे होतात. तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

स्थानिकांची पिल्ले फार फसवतात

सप्टेंबरातल्या चुकीच्या नोंदींपैकी बऱ्याच दुर्मीळ पक्ष्याच्या नसतात, आपल्याच रहिवासी पक्ष्यांच्या पिल्लांच्या असतात. पावसाळा हा आपल्याकडच्या अनेक पक्ष्यांचा विणीचा हंगाम. त्यामुळे स्थलांतर सुरू होते नेमक्या त्याच वेळी रानात अर्धवट पिसाऱ्यातली पोरे भरलेली असतात.

खाटकांचे उदाहरण घ्या. रेड-बॅक्ड श्राइक हा सप्टेंबर-ऑक्टोबरातला खरा वाटसरू. तो दिसला म्हणजे दिवस सार्थकी. पण आपल्या माळरानावरच्या बे-बॅक्ड श्राइकच्या पिल्लाची पाठही तपकिरी आणि खवल्यांची असते, आणि दरवर्षी त्याची नोंद ‘रेड-बॅक्ड’ म्हणून होते. पंखावर फिकट ठिगळ आणि कमरेवर फिकट, करडसर रंग दिसला तर तो घरचाच. प्रौढ नराबाबत अडचण कमी: रेड-बॅक्डचे डोके राखाडी आणि डोळ्यावरची काळी पट्टी कपाळावर रुंद पसरत नाही; बे-बॅक्डचे कपाळच काळे आणि पंखावर पांढरा डाग.

चातकाचीही तीच गत. मोठे चातक सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरात आफ्रिकेकडे परततात. पिल्ले मागे राहतात, कारण चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि ती अजून सातभाईंकडून घास घेत असतात. हे पिल्लू काळे कुळकुळीत नसते. वरून मातकट, खालून पिवळसर आणि तुरा तोकडा. सातभाईंचा गोंगाट चाललेल्या बाभळीत जरा थांबून बघा. अशी नोंद तारखेसह घेणे महत्त्वाचे आहे, कारण त्या भागात चातकाची वीण यशस्वी झाली याचा तो थेट पुरावा असतो.

धोब्यांत बारमाही राहणारा कवड्या धोबी आणि पाहुणा पांढरा धोबी यांची गल्लत होते. कवड्याची पाठ आणि कपाळ काळे, फक्त भुवई पांढरी. पांढऱ्या धोब्याचे कपाळ पांढरे आणि पाठ राखाडी. पिवळ्या धोब्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरात पिवळा रंग जवळपास नसतोही. त्याला सिट्रिन धोबी म्हणण्याआधी गालाभोवती फिकट कडे पूर्ण फिरले आहे का आणि पंखावर दोन रुंद पांढऱ्या पट्ट्या आहेत का, हे बघा. दोन्ही नसतील तर तो पिवळाच.

भोरडीचे पिल्लू मातकट रंगाचे आणि पिवळसर चोचीचे असते. गुलाबी-काळ्या थव्यात ते ‘वेगळीच मैना’ वाटते, पण आलेले असते थव्याबरोबरच.

वाटसरू: पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर

आता खरा गाभा. मध्य आशिया, मंगोलिया, सायबेरिया इथे वीण करून आफ्रिकेत हिवाळा काढणाऱ्या काही जाती पश्चिम भारतावरून जातात. कच्छमध्ये त्या मोठ्या संख्येने दिसतात, म्हणून सप्टेंबरात इथले बरेच लोक तिकडे गाडी काढतात. पण सासवड–जेजुरी–मोरगाव–सुपे या पट्ट्यात, मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास, सोलापूरच्या नान्नज परिसरात आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या माळांवरही हे पक्षी उतरतात, थोडे पण नियमित. रोज जाणाऱ्याला मिळतात. रविवारीच जाणाऱ्याला नशीब लागते.

युरोपियन रोलर हा यातला सगळ्यांना हवा असलेला पक्षी. तारेवर बसलेला तास, म्हणजे आपला नीलपंख, आणि हा यांच्यातला फरक सोपा आहे, फक्त घाई करू नका. तासाची छाती विटकरी-तपकिरी आणि उडताना पंखावर गडद-फिकट निळ्याचे पट्टे आळीपाळीने. युरोपियन रोलरचे डोके आणि पोट सलग फिकट निळे, पाठ तांबूस तपकिरी आणि उडताना पंखाचा मागचा भाग सलग काळसर. मेख अशी की सप्टेंबरात येणाऱ्यांत पिल्लेही असतात आणि त्यांचा गळा-छाती मळकट, रेघाळ असते. बसलेला पक्षी संशयास्पद वाटला तर तो उडेपर्यंत दुर्बीण खाली घेऊ नका. पंखांवर निर्णय होतो. आपले तासही पावसाळ्यानंतर माळावर पसरतात आणि दसऱ्याच्या सुमारास तारांवर जास्त दिसू लागतात, त्यामुळे संख्येवरून काही ठरत नाही.

स्पॉटेड फ्लायकॅचर: उभा बसणारा, लांब पंखांचा, कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा असलेला करडा माशीमार. काटेरी झाडाच्या बाहेरच्या फांदीवर किंवा कुंपणाच्या तारेवर बसतो, हवेत झेप घेतो आणि पुन्हा तिथेच येतो. एशियन ब्राउन फ्लायकॅचर याच्याशी घोटाळतो; त्याचे डोळे टपोरे, भोवती पांढरे कडे आणि छातीवर रेघा नाहीत.

ब्लू-चीक्ड आणि ब्लू-टेल्ड हे दोन मोठे वेडे राघू पाणवठ्यावरून थव्याने जातात. शेपटी बघा: हिरवी असेल तर ब्लू-चीक्ड, निळी असेल तर ब्लू-टेल्ड. पण ढगाळ उजेडात आकाशाच्या पार्श्वभूमीवर शेपटीचा रंग कळत नाही. अशा वेळी ‘मोठे वेडे राघू, जात अनिश्चित’ एवढेच लिहा. कोकिळांबाबत तर ही शिस्त पाळलीच पाहिजे. कॉमन कुकू शरद ऋतूत ओरडत नाही. राखाडी पाठ आणि पोटावर पट्टे एवढ्यावर तो कॉमन की इंडियन की आणखी कोण, हे फोटोतही अनेकदा ठरत नाही. तो जातो हे मात्र नक्की: २०१९ मध्ये मंगोलियात उपग्रह यंत्र बसवलेला ‘ओनोन’ नावाचा कॉमन कुकू भारतावरून झांबियापर्यंत गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात परत मंगोलियात पोहोचला.

या सगळ्यांच्या शिदोरीचा मोठा भाग म्हणजे पँटाला फ्लावेसेन्स हा पिवळसर चतुर. पावसाळ्याच्या शेवटी हे चतुर माळांवर झुंडीने उडतात आणि तेही ईशान्येच्या वाऱ्यावर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात. चतुरांचे ढग दिसले की वर बघा. भिंगऱ्या, वेडे राघू, छोटे ससाणे तिथेच असतात. अमूर ससाणा मात्र या महिन्यात शोधू नका. तो नागालँडात ऑक्टोबर-नोव्हेंबरात थांबतो आणि आपल्यावरून नोव्हेंबरच्या मध्यानंतर जातो. सप्टेंबरातला ‘अमूर’ बहुधा केस्ट्रेल निघतो.

हवामानाचा भाग इथे सगळ्यांत जास्त उपयोगाचा. हे पक्षी बहुतांश रात्री उडतात. आकाश निरभ्र आणि वारा पाठीमागून असेल तर ते आपल्यावरून निघून जातात, खाली उतरत नाहीत. रात्री परतीचा गडगडाटी पाऊस झाला, पहाटे ढग खाली आहेत आणि सातच्या सुमारास उघडीप मिळाली, तर ती सकाळ चुकवू नका. पावसाने अडलेले पक्षी पहिल्या झुडपात उतरलेले असतात. अशा सकाळी मोठे जंगल बघू नका. उघड्या माळावरची एकटी बाभळ, बोरीची रांग, ओढ्याकाठचा करंज, शेताच्या बांधावरची निवडुंगाची कुंपणे: जिथे दुसरा आडोसाच नाही अशी जागा. अर्धा तास एका जागी बसून बघितल्याने तीन किलोमीटर चालण्यापेक्षा जास्त हाती लागते. मान्सून मुंबईतून माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबरच्या आसपास आहे. त्यानंतर वारा फिरतो आणि वाटसरूंची संख्या झपाट्याने उतरते. ऑक्टोबरातली हीट सुरू झाली की नऊनंतर चिखलावरून वाफा उठतात आणि दुर्बिणीत सगळे थरथरते. साडेसहा ते नऊ एवढाच उपयोगी वेळ धरा.

किनाऱ्यावर भरती बघून जा

अलिबागजवळचे आक्षी, उरणचा परिसर, ठाणे खाडी, गोव्यात मोरजी: किनाऱ्यावर धरणासारखी अडचण नाही, कारण चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो. अडचण वेळेची आहे. पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी अर्धा किलोमीटर लांब आणि पाय चिखलात. पूर्ण उधाणाला गेलात तर पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आणि पक्षी दुसरीकडे. हवी असते ती चढती भरती, जी पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलते.

कोळ्यांचा जुना हिशेब इथे चोख चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, नेमक्या वेळेसाठी भरतीचे तक्ते पाहावेत, पण महिन्याचे नियोजन करायला कालनिर्णय पुरते. यावरून दशमी, एकादशी, द्वादशी हे दिवस उत्तम: भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान, म्हणजे उजाडता पोहोचलात की चढते पाणी मिळते. पाणी उधाणाचे नसते, त्यामुळे वाळूचा पट्टा शिल्लक राहतो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने ऊन पाठीशी. शुद्ध आणि वद्य असे दोन्ही पंधरवडे धरले तर महिन्यात असे सहा दिवस निघतात.

मिठागरांचे बांध आणि बंदिस्त पाणी ही भरतीच्या वेळची बैठक. तिथे शेकडो पक्षी एका पायावर झोपलेले असतात. फोटोसाठी त्यांना उडवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची ती विश्रांती असते आणि दर वेळी उडवल्याने तो साठवलेली चरबी जाळतो. पायावर रंगीत पट्टी किंवा कडे दिसले तर रंग, कोणत्या पायाला, गुडघ्याच्या वर की खाली, दोन पट्ट्या असतील तर वरची कोणती आणि खालची कोणती, अक्षरे-अंक असतील तर तेही, हे सगळे टिपा आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. ‘पायात काहीतरी पिवळे होते’ याचा उपयोग शून्य.

उपकरणांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. किनाऱ्यावर आणि तलावावर टेलिस्कोप असेल तर ओळख निम्म्याने सोपी होते. पावसाळी दमटपणात भिंगांना बुरशी लागते, तेव्हा घरी आल्यावर दुर्बीण बंद पेटीत सिलिका जेलबरोबर ठेवा, ओल्या पिशवीत नाही.

शहरातल्यांसाठी

घराबाहेर न पडता चालेल असेही काही आहे. ग्रीनिश वॉर्बलर सप्टेंबरात सोसायटीच्या आंब्या-वडावर येतो; दिसायला कठीण, पण त्याची दोन तुकड्यांची चिरकी हाक दिवसभर चालू असते. एकदा कान बसला की पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी कळतो. स्वर्गीय नर्तक ऑक्टोबरच्या आसपास बागांमधून फिरतो, बहुतेक वेळा लांब शेपटीशिवाय, म्हणून दुर्लक्षिला जातो. लाल छातीचा माशीमार शेपटी वर उडवून तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे दाखवतो. गळा लाल असेलच असे नाही. टेकड्यांवर, पुण्यात तळजाई किंवा वेताळ टेकडीला, सकाळी एकच ठरलेली वाट घ्या.

नोंद कशी ठेवावी

एकच जागा, एकच वेळ, आठवड्यातून निदान दोनदा, ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पाचपन्नास जागा फिरण्यापेक्षा हे जास्त शिकवते. ई-बर्डवर दिसलेली प्रत्येक ओळखता आलेली जात टाका, फक्त पाहुणे टाकले तर ती यादी अपूर्ण ठरते. दिवसभराच्या भटकंतीची एकच यादी करू नका. जागा बदलली की नवी. आणि काहीच पाहुणे न मिळालेल्या दिवसाची यादीही टाका. ‘या वर्षी करडा धोबी ६ सप्टेंबरला आला’ हे विधान तेव्हाच खरे, जेव्हा ३ सप्टेंबरला तुम्ही तिथे होतात आणि तो नव्हता. नाहीतर ती पक्षी आल्याची नाही, तुम्ही आल्याची तारीख असते. ‘यंदा पक्षी लवकर आले’ या बातम्यांतला मोठा भाग एवढ्याने गळून पडतो.

संख्या मोजताना थवा मोठा असेल तर दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात बघा आणि त्या मापाने बाकीचे भागा. अनपेक्षित जात किंवा तारीख असेल तर प्रणाली शेरा मागते. तिथे ‘नीट बघितला’ असे लिहू नका. कोणते अवयव, कोणता उजेड, किती अंतर, कोणती जवळची जात का नाकारली, हे लिहा. माळरानावर भोवत्यांचा रात्रीचा थारा सापडला तर त्याची अचूक जागा जाहीर करू नका. आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणे या काळात विशेष वाईट. वाटसरू दोन दिवस खाण्यासाठी थांबलेला असतो, भांडण्यासाठी नाही.

दमलेला पक्षी सापडला तर

सप्टेंबर-ऑक्टोबरात नवरंग, कोकीळ किंवा किनाऱ्यावर एखादा समुद्रपक्षी भिंतीवर आपटून वा थकून पडलेला सापडतो. झाकण असलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, बाजूला बोटाएवढी भोके पाडा, तळाशी सुती फडके. पक्षी आत ठेवून खोका अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाते आणि पक्षी त्यानेच मरतो. भात, दूध, ब्रेड काही नको. समुद्रपक्ष्याला समुद्रात परत फेकू नका. पिसे भिजलेली असतील तर तो बुडतो. काचेवर आपटलेले बरेच पक्षी तास-दोन तासांत सावरतात. खोका झाडीजवळ नेऊन उघडा, हातात घेऊन उडवू नका. नाही सावरला, पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी पाळू नका, चार दिवसही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा ठरतो. सापडल्याची जागा आणि तारीख मात्र लिहून ठेवा.